नवी गाडी सदोष निघाल्यास

नवी गाडी सदोष निघाली तर ती फुकट दुरुस्त करून घेणे, बदलून मागणे किंवा व्याजासह पैसे परत मागणे, हे तीन मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने खुले ठेवले आहेत. शिवाय नुकसानभरपाई मागता येते. यांपैकी पदरात काय पडेल हे मात्र दोष कोणत्या जातीचा आहे आणि तो कागदावर कितपत सिद्ध होतो यावर ठरते.

वॉरंटीच्या काळात बिघडलेला भाग बदलून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. त्यावरून आख्खी गाडी बदलून मिळेलच असे नाही. क्लचच्या तक्रारीवरून मारुती उद्योगविरुद्ध चाललेल्या प्रकरणात ग्राहक मंचाने नवी गाडी देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला नाही. भाग बदलून दोष दूर होत असेल तर वॉरंटीची मर्यादा तिथपर्यंतच, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गाडी बदलून हवी असेल तर दोष उत्पादनातलाच आहे आणि तो वारंवार दुरुस्त करूनही जात नाही, हे दाखवावे लागते. गरज भासल्यास ग्राहक आयोग (पूर्वीचा मंच) गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी करवतो.

दोष सुरक्षेशी निगडित असला की न्यायालयाची दृष्टी अधिक कठोर होते. एका ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग २०१७ मधील अपघातात उघडल्याच नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, हा कंपनीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये फेटाळला आणि गाडी बदलून देण्याचा व तीन लाखांच्या भरपाईचा आदेश कायम ठेवला. धडकेच्या वेगाचे आणि जोराचे गणित सामान्य ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, ही त्या निकालातली भूमिका फार मोलाची आहे.

दाद कोणाविरुद्ध मागायची, हा प्रश्नही महत्त्वाचा. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ सालची गाडी देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला यातून मुक्त केले, कारण डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते. म्हणून डिलिव्हरीच्या वेळीच विक्री प्रमाणपत्रावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आणि चासी नंबर गाडीशी ताडून पाहावा. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही सामील करणे शहाणपणाचे.

जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागातल्या ग्राहकापुढे अंतराची अडचण मोठी. बऱ्याचदा गाडी नाशिक किंवा वसई-विरारच्या शोरूममधून येते आणि चालते घाटात. शहरातल्या सपाट रस्त्यावर न जाणवणारा क्लचचा किंवा इंजिन तापण्याचा दोष तोरंगण घाटाच्या चढावर उघडा पडू शकतो. १९८६ च्या जुन्या कायद्यानुसार विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल, अथवा व्यवहार जिथे झाला असेल, तिथेच तक्रार करावी लागे. नव्या कायद्याने ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या भागाच्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागण्याची सोय केली. ग्रामीण ग्राहकासाठी या कायद्यातली ही सर्वांत उपयोगी तरतूद म्हणावी लागेल. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची परवानगीही मागता येते. वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही.

या डोंगराळ भागात अनेक कुटुंबांचे पोट जीप, रिक्षा किंवा पिकअपवर चालते. धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागू नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले जाऊ नये. स्वयंरोजगारासाठी गाडी घेऊन ती स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच ठरतो. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षाचालकाचे उदाहरण देऊन हे स्पष्ट केले आहे. पाच-सहा गाड्या घेऊन त्या पगारी ड्रायव्हरकडून चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खटल्याचा पाया दुरुस्तीच्या वेळी वर्कशॉप देते त्या जॉबकार्डांवर उभा राहतो. दर खेपेला तक्रार आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेल्या जॉबकार्डाचा पुढे काही उपयोग होत नाही. अधिकृत वर्कशॉप दूर म्हणून गावच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलले, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. गाडी वर्कशॉपमध्ये पडून असली तरी कर्जाचा हप्ता सुरूच राहतो. त्या काळात बुडालेले उत्पन्नही हिशेबासह भरपाईत मागावे.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूचे प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त काळ जातो. कंपनीला अपील करायचे असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. काही प्रकरणे तिथेच मिटतात.