एमसीबीचा डबा कपाटात लपवू नका

नव्या फ्लॅटचं इंटिरिअर करताना एमसीबीचा डबा सर्रास वॉर्डरोबमध्ये किंवा चपलांच्या कपाटात जातो. दिसायला बरं वाटतं, पण ही जागा चुकीचीच आहे. बिघाड झाला की एमसीबी आपोआप पडतो, मग डबा कुठे का असेना, असं म्हटलं जातं. पण एमसीबी फक्त जादा करंट आणि शॉर्टसर्किट ओळखतो. दीड टनाचा एसी साधारण ८ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीचा स्क्रू ढिला असेल, तर करंट मर्यादेतच राहतो आणि एमसीबी पडत नाही. तापत राहतो तो ढिला सांधा. आधी जळका वास येतो, मग वायरचं आवरण काळवंडतं. हे बंद कपाटात, कपड्यांना खेटून घडलं तर कळणार कधी?

झाकायचंच असेल तर डब्याचं स्वतःचं पत्र्याचं दार पुरेसं आहे. तो मुख्य दाराजवळ, छातीच्या उंचीवर, समोर उभं राहता येईल असा बसवा. बाथरूमला लागून असलेली ओली भिंत नको, कोकणातली पावसाळ्यात पाझरणारी तर नकोच. ओलीने आतले सांधे गंजतात. गॅसच्या शेगडीवरही नको. आणि शॉकपासून वाचवणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहावं लागतं. त्यासाठी आधी कपडे बाजूला काढावे लागत असतील, तर ते बटण कुणीच दाबत नाही.