सांधेदुखी आणि वातूळ पदार्थांचे पथ्य

ट्रॉम्बेच्या टेकडीच्या परिसरात एकीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तर खाडीकाठी जुना कोळीवाडा आहे. या केंद्राने अकोल्याच्या पंजाबराव कृषि विद्यापीठाच्या सहकार्याने टीएयू-१ हा उडदाचा वाण १९८५ साली आणि टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण १९९१ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. तुरीचेही वाण येथे निघाले. परंतु सांधे धरले की आपल्याकडे पहिली बंदी येते ती याच कडधान्यांवर. तूर, उडीद, हरभरा, वाल हे सारे वातूळ म्हणून ताटातून जातात. सुकट आणि सोडे यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. मद्याविषयी तर नाहीच.

हे पथ्य कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी प्रथम दुखणे कोणते ते ओळखले पाहिजे. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी रात्री एकाएकी ठणका लागणे, सांधा लाल व गरम होणे, पांघरुणाचा स्पर्शही न सोसणे, ही गाऊटची लक्षणे होत. वैद्यकात त्यास वातरक्त म्हणतात. मांस-मासळी व इतर अन्नातील, तसेच शरीराच्या स्वतःच्या पेशींतील प्युरिन नावाच्या द्रव्याचे विघटन होऊन यूरिक आम्ल तयार होते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. ते साठत गेले म्हणजे त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात बसतात व दाह सुरू होतो.

डाळीतही प्युरिन असते. म्हणून ती वर्ज्य करण्याचा सल्ला डॉक्टरही पूर्वी देत असत. २००४ साली अमेरिकेत बोस्टन येथील संशोधकांनी ४७,१५० पुरुषांच्या आहाराची १२ वर्षे नोंद ठेवून जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याने ही समजूत मागे पडली. त्या अवधीत ७३० जणांस गाऊट झाला. मांस व समुद्री मासळी अधिक खाणाऱ्यांत तो अधिक आढळला; प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्ये खाणाऱ्यांत वाढ दिसली नाही; आणि दूध-ताक घेणाऱ्यांत, विशेषतः साय काढलेले दूध घेणाऱ्यांत, तो कमी होता. बीअर व इतर कडक मद्य यांचा दोष तर स्पष्टच दिसून आला. बाटलीबंद गोड पेयेही यूरिक आम्ल वाढवितात, हे पुढे सिद्ध झाले.

तेव्हा गाऊटच्या रोग्याने वरण सोडू नये, मद्य सोडावे. तारली, मांदेली, जवळा व सुकी मासळी बेताने घ्यावी. मासळी वाळविली म्हणजे तिच्यातील पाणी जाते, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्युरिन अधिक येते. उन्हात राबणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे. कडक उपवासही अशा माणसास बाधतो, कारण उपवासात यूरिक आम्ल चढते. पथ्याने औषधाची गरज संपतेच असे नाही, हेही सांगणे भाग आहे. ज्याची मूत्रपिंडे बिघडलेली आहेत त्याने डाळीचे व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

गंमत अशी की, जी तारली गाऊटच्या रोग्यास जड, तीच आमवाताच्या रोग्यास उपकारक. आमवातात सकाळी दोन्ही हातांची बोटे आखडतात. तारली, बांगडा अशा तेलकट मासळीतील स्निग्ध द्रव्याने ही आखड व वेदना काही अंशी उतरते. गाऊट नसलेल्या घरात अशी मासळी जरूर शिजावी.

उतारवयातील गुडघेदुखीचे गणित निराळे आहे. वजन एक किलो उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. येथे कोणता पदार्थ सोडावा यापेक्षा तेल, साखर व भात किती, हा प्रश्न महत्त्वाचा.

स्त्रियांमध्ये कंबर, मांड्या व बरगड्या सतत दुखतात, तेव्हा हाडांचा विचार करावा. 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले की हाडे मऊ होतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. 'ड' जीवनसत्त्व मुख्यतः अंगावर पडणाऱ्या उन्हातून मिळते. अशा स्त्रीची डाळ वातूळ म्हणून बंद केली, तर स्वस्त प्रथिन जाते आणि दुखणे तसेच राहते. पायांची आग व मुंग्या यांमागे ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही उणीव आपल्याकडे किती पसरली आहे ते दाखविले. ती दूध, अंडी व मासळी यांनी टळते. फार झाली असल्यास औषध घ्यावे लागते.

ग्रामसेवकांनी व आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी विचारताना एवढे पाहावे: दुखते कोठे, केव्हा, आणि रोग्याने काय खाणे सोडले आहे. एकच सांधा सुजून लाल झाला व अंगात ताप असला, तर तो जंतुसंसर्गही असू शकतो. अशा रोग्यास पथ्य सांगत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.