गाडीवरचं घर आणि त्याची भिंत



दसरा झाला की कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागांतून ऊसतोडीला माणसं निघतात. मिरजगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्य, लेकरं आणि वर बांबूंचा भारा दिसतो. तो भारा म्हणजेच त्यांचं पुढल्या पाच-सहा महिन्यांचं घर, म्हणजे कोपी. आई-बाप पहाटेच फडात जातात, लहानगी कोपीत निजलेली असतात. तेव्हा भिंत कशी बांधली, याला फार महत्त्व आहे.

प्रथम माप. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात हौशी लोक मोटारीमागे ओढायची, पाण्याच्या थेंबासारखी दोन माणसांची खोली घरीच बनवू लागले. तिची बाजूची भिंत ८ फूट बाय ४ फुटांच्या एका प्लायवूडच्या तक्त्यातून निघते. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून दोन तक्ते एकावर एक ठेवून एकदमच कापतात. आपणही तसंच करावं. ट्रॉलीत मावतील अशा १० फुटी कामट्या घ्याव्यात. एक कामटी नमुना धरून बाकीच्या तिच्याबरोबर कापाव्यात.

दोन कामट्या माथ्यावर ३ फूट एकमेकींवर चढवून तीन ठिकाणी काथ्यानं आवळाव्यात. दोन्ही टोकं फूटभर जमिनीत पुरली, की ८ फूट रुंद आणि साधारण साडेपाच फूट उंच कमान होते. दोन-दोन फुटांवर अशा पाच कमानी म्हणजे ८ फूट लांबीची कोपी. कमानीवरून वारा सरकून जातो. उभ्या भिंतीवर तो थडकतो.

आडव्या कामट्या सगळेच बांधतात, तिरप्या मात्र विसरतात. गुरुजींनी वर्गात चार काड्यांचा चौकोन बांधून दाखवावा. तो दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक तिरपी कामटी हवीच.

आता आच्छादन. आतून तट्टे, बाहेरून ताडपत्री आणि मधे दोन-तीन बोटं पोकळी ठेवावी. पोकळीत कोंडलेली हवा थंडी अडवते. ताडपत्रीचे तुकडे खालून वर लावत जावं, म्हणजे कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर येतो. कडा मातीनं दाबावी आणि तिच्या बाहेर चर खणावा. माथ्याजवळ दोन्ही टोकांना वीतभर झरोका ठेवावा, नाहीतर श्वासाची वाफ आतच साचून अंथरूण ओलं होतं.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणून दार दक्षिणेला बरं. कोणी म्हणेल, दक्षिणेला दार नको! मग पश्चिमेला ठेवा, पण वाऱ्याच्या तोंडी नको.

शेवटी मुख्य गोष्ट. पाचट उबदार असतं, फुकट मिळतं. पण वाळलेलं पाचट एका ठिणगीनं भडकतं आणि प्लास्टिक वितळून अंगावर गळतं. भिंतीला पाचट लावू नये. भोवतालचं पाचटही दूर सारावं. चूल कोपीपासून लांब, वारा ठिणगी पलीकडे नेईल अशा बाजूला मांडावी. फडात जाण्याआधी विस्तवावर पाणी ओतावं आणि मगच कोयता उचलावा.

घर चार महिन्यांचं असो की चाळीस वर्षांचं, आत निजलेलं लेकरू तेच असतं.