सूर आणि शब्द

संगीत व साहित्य हीं सख्खीं भावंडें होत, असें म्हणतात. परंतु एका घरांत नांदतांना दोघांसही थोडी झीज सोसावी लागते, हें मराठी नाट्यपदांत स्पष्ट दिसतें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, तेव्हां साकी-दिंडीसारख्या कीर्तनांतील परिचित चाली त्यांनीं घेतल्या. त्यांत शब्द पुढें व सूर मागें चाले. पुढें खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) व 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांस अनुक्रमें गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या आणि रागदारी सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोंचली. त्या काळीं अनेक पदें मूळच्या हिंदी चिजांवर बेतलीं जात.

चिजेच्या साच्यांत मराठी शब्द बसविणें सोपें नव्हे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, महत्त्वाचा शब्द यावा. आलाप घ्यावयाचा तेथें दीर्घ स्वर असावा. ऱ्हस्व अक्षर लांबविलें कीं अर्थ बिघडतो. 'दिन' म्हणजे दिवस. गातांना त्याचा 'दीन' झाला कीं तो बिचारा गरीब होतो! 'सुत' म्हणजे पुत्र. 'सूत' म्हटलें कीं त्याचा धागा होतो.

म्हणून गाणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पद गळ्यावर चढविण्यापूर्वीं तें कविता म्हणून मोठ्यानें वाचावें, अडलेला अर्थ वडील मंडळींस विचारावा आणि मगच पेटी उघडावी. सुराची गोडी कानास कळते. तो सूर कशासाठीं लागला, हें मात्र शब्दच सांगतो.