शनिवारचा नेम

मंचरहून नाशिक हायवेची कोंडी चुकवून बालेवाडीची शूटिंग रेंज गाठायची, तर शनिवारी पहाटेच निघावं लागतं. आमच्या जुन्नर-आंबेगावात बंदूक म्हटली की लोकांना बिबट्या आठवतो. मी एअर रायफल म्हटलं की हसतात. हसू देत! लक्ष्य १० मीटरवर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. नवख्यांनाही धडा तोच: श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगरला हिसका न देता तो हळूच दाबायचा. छर्रा सुटल्यावरही रायफल क्षणभर तशीच धरायची. पोरं नेमकी तिथेच माना वर करतात.