विषाणूला जात नसते, मरणाला असते

‘दात येताहेत, म्हणून ढाळ लागलेत,’ असे आमच्या आयाबाया म्हणत आणि दोन दिवसांत मूल हातचे जाई. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप व सहकाऱ्यांना अशा मुलांच्या आतड्यात चाकासारखा विषाणू दिसला. तोच रोटाव्हायरस.

तो गरीब-श्रीमंत पाहत नाही. पाच वर्षांच्या आत बहुतेक प्रत्येक मुलाला गाठतो. पहिली लागण बहुधा सर्वांत जड, पुढच्या हलक्या. कारण शरीर शिकलेले असते. हाच धडा लस आजाराविना देते. १९८०च्या दशकात दिल्लीत नवजात बालकांत आजार न करणारा ‘११६ई’ विषाणू सापडला. त्यापासून झालेली ‘रोटाव्हॅक’ २०१६मध्ये सरकारी लसीकरणात आली.

पण श्रीमंत देशांत तोंडावाटे दिलेल्या रोटा लसी तीव्र आजार ८५ टक्क्यांहून अधिक रोखतात. भारतातील चाचणीत रोटाव्हॅकने पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के रोखला. कुपोषण आणि आतड्यातले इतर जंतू ही त्याची संभाव्य कारणे. म्हणजे पाणवठ्यावरची विषमता लसीच्या थेंबापर्यंत पोचते.

निम्मे संरक्षणही हजारो जीव वाचवते. म्हणून डोस चुकवू नये. उरलेल्या निम्म्यासाठी मीठ-साखरेचे पाणी, दवाखाना आणि पोटभर अन्न हवे. ते मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे.