आधी खांदा, मग कापड

सडपातळ पुरुषाला फॉर्मल शर्ट घेताना ठरलेली अडचण येते. गळ्याला बसणारा शर्ट कमरेशी फुगतो आणि कमरेशी बसणाऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर राहतात. मग ‘रिंकल-फ्री’ लेबल पाहून महागातला शर्ट घेतला जातो. दुपारपर्यंत पँटमध्ये खोचलेल्या शर्टाचा पट्ट्यापाशी बोंगा होतो आणि दोष कापडाला दिला जातो. पण बारीक अंगाच्या माणसाच्या शर्टावरच्या बऱ्याचशा चुण्या मापातून येतात. अंग आणि कापड यांच्यामध्ये जास्तीचं कापड असेल, तर ते कुठेतरी दुमडणारच. कोणतीही रासायनिक प्रक्रिया तो ढगळपणा काढू शकत नाही. म्हणून चुण्या नकोत असं वाटणाऱ्यानं आधी फिटिंग बघावं आणि मग कापड निवडावं.

तयार शर्टाचं माप कसं ठरतं, ते पाहिलं की ही अडचण समजते. आपल्याकडच्या अनेक ब्रँडच्या फॉर्मल शर्टांवर 38, 39, 40, 42 असे आकडे असतात. हा गळ्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये. गळा वाढला की छाती, कंबर, बाही हे सगळं ठरावीक प्रमाणात वाढवलं जातं. त्यामागे एक सरासरी देह गृहीत धरलेला असतो आणि उंच, लांब हातांचा, अरुंद कमरेचा माणूस त्या सरासरीत बसत नाही. त्यातून ती सरासरीही आपली नाही, कारण भारतीय तयार कपड्यांची मापं बहुतांशी परदेशी तक्त्यांवर बेतलेली आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठीच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह 6 शहरांतल्या 15 ते 65 वयोगटातल्या 25,000 लोकांची मापं त्रिमिती स्कॅनरनं घ्यायची, अशी त्याची आखणी होती. ‘स्लिम फिट’ या शब्दांनाही ठरलेलं माप नाही. एका ब्रँडचा स्लिम दुसऱ्याच्या रेग्युलरएवढा निघू शकतो. त्यामुळे लेबलापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा.

टेपनं नेमकं काय बघायचं? समजा, छाती 36 इंच आहे आणि शर्टाची छाती 44 इंच भरते. म्हणजे 8 इंच कापड मोकळं. बसता-उठता, श्वास घेताना अडू नये यासाठी छातीला साधारण 4 इंचांचा सैलपणा पुरतो. उरलेलं कापड चुण्यांना जागा देतं. पण शर्टाचा प्रत्येक भाग नंतर सारखाच दुरुस्त होत नाही. खांदा, कॉलर आणि मुंढा बदलायचा म्हणजे जवळजवळ नवा शर्ट शिवणं. बाजूची शिवण आत घेणं, पाठीला दोन डार्ट घालणं, बाही अरुंद करणं ही मात्र कोणत्याही चांगल्या शिंप्याची रोजची कामं आहेत. म्हणून दुकानात खांदा आधी बघावा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे, कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत, बाही मनगटाच्या हाडापर्यंत पोचायला हवी. एवढं जमलं, तर कंबर शिंप्याकडे सोपवता येते. मात्र आवळण्याचा अतिरेक नको. बटणांपाशी कापड ओढलं जाऊन फुलीसारख्या रेषा उमटल्या, तर त्याही चुण्याच.

आता कापड. सुती कापड चुरगळतं, कारण कापूस म्हणजे सेल्युलोज आणि त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. घामाच्या किंवा धुण्याच्या पाण्यानं हे बंध सुटतात आणि कापड ज्या अवस्थेत वाळतं त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. इस्त्रीची वाफ आणि उष्णता हेच काम सपाट अवस्थेत करून घेते. रिंकल-फ्री प्रक्रियेत रेझिन वापरून या साखळ्यांमध्ये पक्के दुवे घातले जातात. मँचेस्टरच्या टूटल कंपनीनं 1920च्या दशकात या दिशेनं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुती कापड ‘धुवा आणि घाला’ या पातळीवर आणलं. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. दुव्यांमुळे धागा ताठर होतो, त्याची ताकद घटते आणि कॉलर-कफच्या कडा लवकर विरतात. प्रचलित रेझिनांमधून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि संवेदनशील त्वचेला त्याचा त्रास होऊ शकतो. असा शर्ट अंगात घालण्याआधी एकदा धुणं शहाणपणाचं.

दुसरा मार्ग पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचा. ते कमी चुरगळतं, पण घाम शोषत नाही. प्रमाण हवामानात कापूस आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा फरक लगेच जाणवतो. म्हणून मला विणीचा मार्ग अधिक पटतो. पातळ पॉपलिनपेक्षा ट्विल किंवा ऑक्सफर्ड विणीचं, दुपदरी सुताचं कापड घडी कमी धरतं आणि सडपातळ अंगावर छान पडतं. धुतल्यावर शर्ट फार पिळू नये, झटकून ओलाच हँगरवर लावावा, म्हणजे इस्त्रीचं निम्मं काम होतं.

यावर आक्षेप असा, की रोज लोकल गाठणाऱ्या किंवा फिरतीवर असणाऱ्या माणसाला इस्त्रीला वेळ कुठे असतो? आक्षेप रास्त आहे. अशानं प्रक्रिया केलेला सुती शर्ट जरूर घ्यावा, पण तोही खांद्याच्या मापानं घेऊन कमरेत आत घ्यावा. ही प्रक्रिया केलेल्या शर्टाची शिवण उसवून सैल केली, तर जुनी घडी आणि सुईची भोकं दिसत राहतात. आत घेताना ती अडचण फारशी येत नाही. इथे सडपातळपणा फायद्याचाच ठरतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण शिंप्याला मोजलेले पैसे एकदाच जातात आणि शर्ट पुढे वर्षानुवर्षं अंगावर नीट बसतो. न बसणारे तीन शर्ट कपाटात पडून राहतात. ज्याचा खांदा तयार शर्टात बसतच नाही, त्यानं सरळ शर्टपीस घ्यावा, पन्हा बघून पुरेसं कापड घ्यावं, शिवायला टाकण्याआधी ते एकदा पाण्यातून काढावं आणि शिंप्याकडे ट्रायलचा आग्रह धरावा. पहिला शर्ट मनासारखा झाला की त्याचं माप शिंप्याच्या वहीत राहतं आणि पुढचे शर्ट सोपे होतात.

सडपातळ अंगात काही खोट नाही. खोट आहे ती सगळ्यांना एकाच सरासरीत कोंबणाऱ्या मापात. पुढचा शर्ट घेताना लेबल शेवटी वाचा. आधी आरशात खांद्याची शिवण बघा, मग कापड हातात घ्या आणि घरी जाताना वाटेत शिंप्याकडे थांबा.